अधिकाराचे तीन आकडे



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत माझ्या नावापुढचा विषय वाचून काही मंडळींनी मला काल पारावर गाठले. एकाने विचारले, "अण्णा, पगारवाढ, बोनस, हंगामी कामगारांचा प्रश्न हे सगळे सोडून तुम्ही संगणकातल्या फायलींच्या परवानग्यांवर बोलणार? हे वेड कधी लागले?" प्रश्न रास्त आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तिच्या पावलावर पाऊल टाकून आज गावोगाव अशा माला चालतात. आणि श्रोत्यांचा वेळ वक्त्याच्या हौसेसाठी नसतो, हे मी जाणतो. म्हणून हे वेड मला का लागले, ते आधी सांगतो. ऐकल्यावर हा विषय पगाराच्या आणि उसाच्या प्रश्नापासून फार लांबचा आहे काय, याचा निवाडा आपणच करावा.

मुळा-मुठा आणि भीमा यांच्या बेचक्यातला हा आपला राहू बेटाचा मुलूख. अलीकडे दौंड, भीमेपलीकडे शिरूर. येथे बसलेल्या प्रत्येकाचा उसाशी संबंध आहे. कोणाचा फडाशी, कोणाचा गुऱ्हाळाशी, कोणाचा कारखान्याच्या गव्हाणीशी. आणि ज्याचा उसाशी संबंध, त्याचा वजनकाट्याशी संबंध आलाच. बारा-चौदा महिने पाणी पाजलेल्या उसाचे मोल शेवटी काट्यावरच्या एका आकड्यात ठरते. तोडणी-वाहतुकीची मजुरीही त्याच आकड्यावर निघते. एका खेपेमागे ५० किलो जरी कमी धरले, तरी २० खेपांत १ टन ऊस हवेत जातो. काटामारी हा शब्द आपल्या बोलीत काही उगीच आलेला नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. कारखान्याचे नाव सांगत नाही, कारण ही गोष्ट कोणत्याही कारखान्यात घडू शकेल. पावसाळी रात्र होती. एक भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली काट्यावर चढली, वजन झाले, गाडी गव्हाणीकडे गेली. मध्यंतरी काट्याचा संगणक बंद पडला आणि पुन्हा सुरू करण्यात आला. गाडी रिकामी होऊन परत आली, रिकामे वजन झाले, पावती निघाली. शेतकऱ्याने पावती पाहिली आणि तो काट्यावरच उभा राहिला. त्याच ट्रॅक्टर-ट्रॉलीचे रिकामे वजन आधीच्या खेपांपेक्षा ३ क्विंटल जास्त भरले होते. म्हणजे उसाचे वजन तेवढे कमी लागले होते. दोन्ही वजनांत सारखीच चूक असती तर ती वजाबाकीत उडून गेली असती. चूक मध्येच शिरली, म्हणून ती शेतकऱ्याच्या अंगावर आली.

आता ही चूक कशाने झाली? कदाचित मधल्या वेळात काट्याच्या पाट्यावर चिखल आणि पाचट साचले असेल. कदाचित कोणी काट्याचे शून्य सरकवले असेल. रात्रपाळीचा काटा-लिपिक आमच्या युनियनचा सभासद होता. त्याला कारणे दाखवा नोटीस मिळाली, मागून खातेनिहाय चौकशी लागली, आणि त्याचा प्रतिनिधी म्हणून मी चौकशीत बसलो. मी विचारले, "त्या वेळी काट्याचा संगणक कोण चालवत होते?" उत्तर आले, "नोंदीत 'रूट' असे नाव आहे." मी विचारले, "हे रूट कोण?" तर रूट नावाचा कोणी माणूसच नव्हता! ते त्या यंत्रातल्या सर्वाधिकारी खात्याचे नाव होते, आणि त्याचा परवलीचा शब्द एका चिठ्ठीवर लिहून टेबलाच्या काचेखाली सरकवलेला होता. सहा माणसांना तो ठाऊक होता. हे असे का केले, असे विचारता संगणक पाहणारा मुलगा सरळपणाने म्हणाला, "साहेब, साध्या नावाने आत गेले की काट्याची फाईल उघडत नाही. परवानगी नाकारली, असे येते. बाहेर गाड्यांची रांग लागलेली. मग काय करायचे?"

त्या मुलाच्या या उत्तराने मला या विषयाची वाट दाखवली. संगणक मी शाळेत शिकलो नाही. कायद्याची कलमे जशी मी रात्री दिव्याखाली स्वतःच वाचली, तशीच ही विद्याही युनियनच्या कचेरीतल्या एका जुन्या संगणकावर लिनक्स ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम चढवून, चुकत-माकत शिकलो. जे शिकलो ते आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम, काट्याची फाईल म्हणजे काय? आपण फाईल म्हटली की कागदांचा गठ्ठा डोळ्यांपुढे येतो. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९६९ साली केन थॉम्पसन आणि डेनिस रिची या दोघांनी युनिक्स नावाच्या प्रणालीची सुरुवात केली. तिच्यात त्यांनी एक मोठी साधी युक्ती योजली. संगणकाला जोडलेले प्रत्येक यंत्र, मग ते छपाईचे असो, पडद्याचे असो की तबकडीचे, फायलीच्या रूपाने दाखवायचे. फायलीतून वाचले की यंत्राकडून आलेले ऐकू येते. फायलीत लिहिले की यंत्राला हुकूम जातो. फायली जशा उघडायच्या आणि मिटायच्या, तशीच यंत्रेही. लिनस टॉरव्हाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सचा गाभा लिहिला, त्यातही हीच रीत आली. आपल्या पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने तयार केलेली 'बॉस' ही प्रणाली लिनक्सच्याच डेबियन घराण्यातली आहे. म्हणजे हा काही परमुलखातला मामला राहिलेला नाही.

या यंत्र-फायली 'डेव्ह' नावाच्या एका दालनात राहतात. वजनकाट्याखाली भार मोजणारे लोडसेल असतात. त्यांचा संदेश काट्याच्या खोलीतल्या निर्देशकाकडे, म्हणजे लाल आकडे दाखवणाऱ्या पेटीकडे येतो. आणि त्या पेटीतून आरएस-२३२ नावाची एक जुनी, १९६० सालापासून चालत आलेली जोडणी संगणकाकडे जाते. हल्लीच्या संगणकांना ती खाच बहुधा नसते, म्हणून मध्ये एक यूएसबीची जोडणी लावतात. मग डेव्हच्या दालनात एक फाईल उभी राहते: टीटीवाय-यूएसबी-शून्य. यातले टीटीवाय म्हणजे टेलिटाईप, आपल्याकडे तारऑफिसात खडखडणारे टेलिप्रिंटर असत, त्यांच्या कुळातले यंत्र. आपली तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली. पण तिच्या यंत्राचे नाव काट्याच्या संगणकात अजून नांदते आहे.

आता या फायलीपुढे लिहिलेली ओळ वाचू. प्रणालीला यादी मागितली की ती अशी अक्षरे दाखवते: सी, मग आर, डब्ल्यू, रेघ, पुन्हा आर, डब्ल्यू, रेघ, आणि शेवटी नुसत्या तीन रेघा. पुढे दोन नावे: रूट आणि डायलआउट. पहिले सी हे अक्षर सांगते की हे एकेक अक्षर क्रमाने देणारे-घेणारे यंत्र आहे. पुढच्या नऊ जागांचे तीन-तीनचे तीन भाग. पहिला भाग मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा इतरांचा. आर म्हणजे वाचण्याचा अधिकार, डब्ल्यू म्हणजे लिहिण्याचा. तिसरी जागा कार्यक्रम चालवण्याच्या अधिकाराची असते, ती यंत्र-फायलीच्या बाबतीत निरर्थक आहे.

आपण शेतकरी माणसे. हे विहिरीवरून चटकन ध्यानात येईल. समाईक विहीर घ्या. तिचा एक मालक, ज्याने मोटार बसवायची आणि दुरुस्ती करायची. मग हिस्सेदार, ज्यांनी पाळीप्रमाणे पाणी घ्यायचे. आणि उरलेला गाव, ज्याचा त्या विहिरीत हिस्सा नाही. काट्याच्या फायलीचा मालक रूट आहे, हिस्सेदारांचा गट डायलआउट आहे, आणि इतरांना काही नाही. वाचण्याला ४, लिहिण्याला २ असे आकडे दिलेले आहेत. दोन्ही मिळून ६. म्हणून ही सगळी ओळ तीन आकड्यांत सांगतात: ६, ६, ०. डायलआउट या नावाचे नवल वाटू देऊ नका. पूर्वी याच खाचांना फोनची यंत्रे जोडून बाहेर नंबर फिरवीत, तो ज्यांना फिरवू द्यायचा त्यांचा हा गट. काम बदलले, नाव राहिले. आपल्याकडेही कुलकर्णी गेले, आडनाव राहिलेच की!

आता प्रणालीचा गाभा न्याय कसा करतो, ते पाहा. कोणी फाईल उघडायला आला की गाभा विचारतो, तू मालक आहेस काय? असल्यास मालकाचे तीन हक्क लागू, पुढे पाहणे नाही. मालक नसल्यास, गटात आहेस काय? असल्यास गटाचे हक्क. दोन्ही नसल्यास इतरांचे. यातून जो सोयीचा भाग असेल तो निवडण्याची मुभा कोणालाही नाही. मात्र रूट आला की गाभा काही विचारीत नाही, दार सताड उघडतो. सगळी मेख येथे आहे, आणि तिच्याकडे मी शेवटी येणार आहे.

आमच्या काटा-लिपिकाला 'परवानगी नाकारली' असे का आले, ते आता उघड आहे. तो मालक नव्हता, आणि त्याचे नाव डायलआउट गटात कोणी घातले नव्हते. ज्या कामासाठी त्याला पगार मिळत होता, त्याच कामाचे दार त्याला बंद होते! अशा वेळी जे तीन उपाय सर्रास करतात ते सांगतो, कारण तिन्ही मी पाहिले आहेत, आणि पहिला तर अज्ञानात स्वतः केलेला आहे.

पहिला उपाय, आकडे बदलून ६, ६, ६ करणे. सीएचमॉड या हुकुमाने क्षणात होते. म्हणजे विहिरीला कुंपणच काढून टाकले. आता त्या संगणकावर चालणारा कोणताही कार्यक्रम काट्याशी बोलू शकतो. पुष्कळ निर्देशक संगणकाकडून आलेला 'शून्य कर' हा हुकूमही ऐकतात. तेव्हा लिहिण्याचा अधिकार म्हणजे केवळ कागदोपत्री बाब नाही. ठरावीक मर्यादेत का होईना, काट्याचे शून्य सरकवण्याची ती ताकद आहे. शिवाय हा उपाय टिकतही नाही. डेव्हचे दालन तबकडीवर कोरलेले नसते; संगणक सुरू होताना ते स्मृतीत नव्याने उभे राहते, आणि जोडणी काढून पुन्हा लावली की तिची फाईल नव्याने जन्मते. तुम्ही दिलेले ६६६ त्याबरोबर पुसले जाते. मग रात्री दोन वाजता रांग पुन्हा अडते, आणि माणूस दुसऱ्या उपायाकडे वळतो.

दुसरा उपाय, सगळ्यांनी रूट होणे. याचे फळ आपण पाहिलेच. सहा जणांनी एका नावाने काम केले, तेव्हा सहाही जण नाहीसे झाले. हजेरीपटावर सहा कामगारांच्या नावापुढे एकच अंगठा उठवला तर चौकशीत काय उरेल?

तिसरा उपाय, लिपिकाला जेवढे गट दिसतील तेवढ्या सगळ्यांत घालणे, म्हणजे पुन्हा कटकट नको. यात 'डिस्क' नावाचा एक गट असतो. त्यात नाव गेले की माणूस सगळ्या फायलींच्या परवानग्या डावलून थेट तबकडीवर वाचू-लिहू शकतो. तो मागच्या दाराने रूटच झाला. गाडीची किल्ली मागणाऱ्याला तिजोरीची किल्लीही बरोबर बांधून द्यावी, तसा हा प्रकार.

मग योग्य मार्ग कोणता? तो अवघड मुळीच नाही. प्रत्येक पाळीच्या लिपिकाचे स्वतःच्या नावाचे खाते असावे, आणि ते खाते काट्याच्या गटात घालावे. यात दोन गोष्टींची काळजी घ्यावी लागते. गटात नाव घालण्याच्या हुकुमात 'भर घाल' असे सांगणारे ए हे अक्षर असते. ते विसरले तर प्रणाली नवा गट देते आणि हुकुमात न लिहिलेल्या बाकीच्या जादा गटांतून त्या माणसाचे नाव कमी करते. बढतीच्या हुकमात मागची सेवा पुसली जावी, तसे ते होते. दुसरे, नाव घातल्यावर त्या माणसाने एकदा बाहेर पडून पुन्हा आत यावे लागते, कारण गटांची यादी आत येतानाच अंगाला चिकटते. 'नाव घातले तरी चालत नाही' अशी ओरड निम्म्या वेळा एवढ्याच कारणाने होते.

कायमचा बंदोबस्त मात्र यूडेव्हच्या नियमाने करावा लागतो. यूडेव्ह हा डेव्हच्या दालनाचा कारभारी आहे. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी तो २००३ साली पुढे आणला. यंत्र जोडले की गाभा त्याला वर्दी देतो, आणि तो आपली नियमांची वही उघडून पाहतो. त्या वहीत आपण एक ओळ लिहायची: अमुक उत्पादकाच्या, अमुक क्रमांकाच्या जोडणीची फाईल उभी राहिली, तर तिचा गट हा, तिचे आकडे ६६०, आणि तिचे टोपणनाव 'काटा'. त्या ओळीत जेथे ओळख पटवायची तेथे बरोबरचे चिन्ह दोनदा लिहितात, आणि जेथे नेमून द्यायचे तेथे एकदा. ही गफलत केली की नियम मुकाट्याने फसतो. वहीच्या फायलीचे नाव 'रूल्स' या शेवटाने संपले पाहिजे, एरवी कारभारी ती उघडतच नाही. आणि नियम लिहिल्यावर वही पुन्हा वाचण्याचा हुकूम देऊन जोडणी एकदा काढून लावावी.

टोपणनावाचे महत्त्व कोणी कमी लेखू नये. एकाच संगणकाला दोन काटे जोडलेले असले, एक बैलगाड्यांचा आणि एक ट्रकचा, तर आधी जी जोडणी दिसली ती शून्य क्रमांकाची, नंतरची एक क्रमांकाची. उद्या क्रम उलटला तर नावेही उलटतील, आणि ट्रकच्या पावतीवर बैलगाडीचे वजन यायला वेळ लागणार नाही. जोडणीचा स्वतःचा क्रमांक धरून टोपणनाव दिले की हा घोळ टळतो. स्वस्तातल्या जोडण्यांवर असा स्वतंत्र क्रमांक पुष्कळदा नसतो. तेव्हा ती कोणत्या खाचेत लावली आहे हे धरून नियम लिहावा, आणि ती खाच कोणी बदलू नये असे तेथे चिकटवून ठेवावे.

आणखी एक गोष्ट कामगारांनी विशेष ध्यानात ठेवावी. परवानगी तपासली जाते ती फाईल उघडताना. एकदा उघडली की मागाहून आकडे बदलले, गटातून नाव काढले, तरी उघडलेला कार्यक्रम चालूच राहतो. विहिरीत उतरलेल्या माणसाला वरून फाटक लावून काय उपयोग? म्हणून पाळी संपली की आपला कार्यक्रम बंद करून, आपले खाते मिटूनच काट्याच्या खोलीबाहेर पडावे. पुढच्या पाळीच्या माणसाने आपल्या नावाने आत यावे. पाच मिनिटांचा हा कंटाळा करू नका. तुमच्या नावाखाली दुसऱ्याचे काम चालू राहिले, तर नोटीस तुमच्याच घरी येणार आहे.

आता शेतकरी बंधूंच्या मनातला प्रश्न घेतो. ते म्हणतील, लिहिण्याचा अधिकार आम्हाला नको; पण नुसते वाचू तर द्या! काट्याचा आकडा आम्हालाही परभारे दिसू दे. मागणी न्याय्य आहे, आणि मलाही प्रथम वाटले की इतरांच्या जागी ४ लिहून टाकले की झाले. पण येथे एक खोच आहे. साध्या विहिरीत डोकावल्याने पाणी कमी होत नाही. या फायलीत मात्र जो डोकावतो तो घागर भरून नेतो. यंत्राकडून आलेले अक्षर एकाने वाचले की ते संपले. दुसऱ्याला ते मिळत नाही. दोन कार्यक्रम एकाच वेळी काट्याची फाईल वाचू लागले, तर आलेल्या आकड्यांतली काही अक्षरे याच्याकडे आणि काही त्याच्याकडे जातील, आणि दोघांचीही पावती बिघडेल. म्हणून वाचण्याचा अधिकारदेखील निरुपद्रवी समजू नये.

मग शेतकऱ्याने काय मागावे? त्याने गाडीवानाला दिसेल असा मोठा आकडेफलक मागावा, आणि तो फलक संगणकातून न काढता थेट निर्देशकाच्या पेटीला जोडलेला असावा, असे स्पष्ट शब्दांत मागावे. संगणकातून काढलेला फलक संगणक जे सांगेल ते दाखवील. पेटीतून काढलेला फलक काटा जे सांगेल ते दाखवील. फलकावरचा आकडा आणि पावतीवरचा आकडा ताडून पाहणे मग शाळकरी पोरालाही जमेल. काटे डिजिटल करा, ऑनलाइन करा, अशी मागणी शेतकरी संघटनांनी गेल्या काही वर्षांत जाहीरपणे लावून धरली आहे. तिला माझा पाठिंबा आहे. पण ऑनलाइन या शब्दाने हुरळून न जाता आकडा कोठून निघतो आणि मध्ये कोणाकोणाच्या हातातून जातो, हे विचारण्याची सवय आपल्याला लागली पाहिजे.

आता ठेवून दिलेल्या मेखेकडे येतो. हे तीन आकडे कितीही नेमके लावले, तरी ते रूटला अडवू शकत नाहीत. संगणकाबाहेरच्या गोष्टींना तर ते स्पर्शही करीत नाहीत. लोडसेलच्या तारेत कोणी काही केले, पेटीची जुळणीच चुकीची केली, तर ६६० त्यापुढे हतबल आहे. त्यासाठी वैधमापन खात्याची मोहर आहे, आणि वजनकाट्याची फेरतपासणी दर १२ महिन्यांनी करून घेण्याचे बंधन नियमांतच आहे. मोहर शाबूत आहे काय, तपासणीचा दाखला कोणत्या तारखेचा आहे, हे विचारण्याची लाज वाटू देऊ नये. आणि रूटला आवर घालणारे आकडे कोणत्याही प्रणालीत मिळणार नाहीत. तेथे माणसांनी माणसांशी लेखी करार करावा लागतो. तोच आम्हा युनियनवाल्यांचा धंदा आहे!

मी त्या चौकशीनंतर व्यवस्थापनापुढे तीन मागण्या लेखी ठेवल्या. पहिली, प्रत्येक काटा-लिपिकाचे स्वतंत्र खाते आणि काट्याच्या फायलीला ६६०. एकाच नावाने काम करण्यास बंदी. दुसरी, रूटचा परवलीचा शब्द दोन नेमलेल्या अधिकाऱ्यांकडे मोहोरबंद पाकिटात. पाकीट फोडले की वहीत तारीख, वेळ, कारण आणि सही. तिसरी, गाडीवानासाठी निर्देशकातून थेट निघालेला आकडेफलक. पहिल्या दोन मान्य झाल्या. पहिलीला तर एक पैसा खर्च आला नाही. एका दुपारचे काम होते. तिसरीवर बोलणी अजून चालू आहेत, आणि ती का रेंगाळली याचा अर्थ ज्याने त्याने लावावा.

त्या काटा-लिपिकाचे काय झाले, असे आपण विचाराल. कोणाविरुद्धही काही सिद्ध होत नाही, असा अहवाल आला. तो नोकरीवर राहिला. शेतकऱ्याला त्या खेपेचे ३ क्विंटल भरून मिळाले. वरून पाहता सगळे गोड झाले. पण हंगाम संपताना तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "अण्णा, मी सुटलो, पण मी केले नाही, हे काही ठरले नाही. गावात माणसे अजून माझ्याकडे बघून काट्याच्या गोष्टी काढतात." त्याच्याजवळ उत्तर नव्हते, आणि माझ्याजवळही नव्हते. त्या रात्री नोंदीत त्याचे स्वतःचे नाव असते, आणि तेवढ्याच कामाचे असते, तर त्याची बाजू नोंदीनेच मांडली असती.

आम्ही कामगार आजवर हक्क जास्त मागत आलो, आणि ते बरोबरच होते. पण या एका प्रकरणाने मला शिकवले की कामापुरता, आपल्या नावाचा आणि लेखी अधिकार हा सर्वांना वाटलेल्या बेनामी सत्तेपेक्षा कामगाराच्या अधिक उपयोगाचा असतो. सर्वाधिकाराची किल्ली सहा जणांच्या खिशात असली, तर चोरी एकाची आणि बदनामी सहांची. तेव्हा येथून घरी गेल्यावर आपापल्या कामाच्या जागी एवढे पाहा. सोसायटीचा काटा असो, दूध डेअरीचे यंत्र असो, ग्रामपंचायतीचा संगणक असो, त्यावर तुम्ही कोणाच्या नावाने काम करता? ते नाव तुमचे नसेल, तर उद्याच अर्ज करा. अर्जाचा मसुदा लागला तर आमच्या कचेरीत या, चहाही मिळेल.